सहाव्या ग्रहाची वही

९ जानेवारी

प्रिय दादा,

आप्पांची खोली निम्मी आवरून झाली. रविवारी चष्म्याचं दुकान बंद असतं, तेव्हा दुपारी जेवून तिकडे जाते आणि उजेड आहे तोवर काम करते. कपडे दिले. पुस्तकं शाळेला. तू यायची घाई करू नकोस. मांडीचं हाड मोडून वर्ष झालं म्हणून काय, अजून काठी आहे हातात. आप्पांच्या शेवटाला येता आलं नाही, हे दर पत्रात लिहायचंही काही कारण नाही.

आता यंत्राबद्दल. शाळेच्या मोठ्या बाई येऊन बघून गेल्या. आप्पांनी तीस वर्षं ज्या शाळेत भूमिती शिकवली तिथेच काचेच्या पेटीत ते ठेवायचं म्हणताहेत. तुला आठवतं ना, ताटाच्या काठावरून ताईची बांगडी फिरवून ते आपल्याला दाखवायचे? बांगडीवर शाईचा एक ठिपका. बांगडी गरगरत पुढे निघाली की ठिपका पुढे जायचा, थबकायचा, जरासा मागे यायचा आणि गिरकी घेऊन पुन्हा पुढे. "ग्रह आकाशात असेच चालताना दिसतात," आप्पा म्हणायचे. "जुन्या लोकांना पृथ्वी मधोमध हवी होती आणि वर्तुळाशिवाय दुसरं काही नको होतं. मोठ्या वर्तुळावर लहान वर्तुळ बसवलं. तरी जमेना, मग त्याच्यावर आणखी एक. मूर्ख नव्हते ते. हट्टी होते."

तेच सगळं त्यांनी पितळेत केलंय. दांडा फिरवला की तारखेची चकती सरकते आणि पाचही ग्रह वर्तुळांवरच्या वर्तुळांवरून गिरक्या घेत चालतात. पण दादा, यंत्राला हात सहा आहेत. बुध, शुक्र, मंगळ, गुरू, शनी झाले. सहाव्या हातावर नाव नाही. इतरांना दोन-तीन चाकं आहेत, याला सात. आणि इतरांच्या मध्यभागी पृथ्वीचा पितळी मणी आहे, तसा याच्या मध्यभागी नाही. तिथे एक बारीक चौकोन कोरलाय आणि चौकोनाच्या एका बाजूला फट. मी भिंगातून पाहिलं. ते आपलं घर आहे, आणि फट म्हणजे रस्त्याकडची खिडकी.

बैठकीच्या फळीखाली एक वहीसुद्धा सापडली. अजून उघडली नाही. मोठ्या बाई विचारताहेत सहावा हात कशाचा, काय सांगू?

तुझी
बिट्टी


१७ जानेवारी

चि. बिट्टीस आशीर्वाद.

पत्र मिळालं. एवढ्या धुळीत एकटी बसू नकोस, नाकाला फडकं बांध.

सहाव्या हाताचं फार मनावर घेऊ नकोस. म्हातारपणी माणसाला हाताला काहीतरी चाळा लागतो. आप्पांना चाकं कापायची सवय होती, एक संच उरला असेल, तो बसवून टाकला. शाळेला देण्याआधी तो हात काढून टाक. खालून चार स्क्रू असतील. मुलं विचारतील आणि उत्तर कुणाकडेच नसेल, उगाच शोभा.

वही मला पाठवून दे. मी आयुष्यभर जमिनीची मोजणी केली, आकड्यांची मला सवय आहे, तुला त्यातलं काही उमगायचं नाही. न उघडता पाठवलीस तर बरं. त्यांच्या शेवटच्या वर्षांतलं त्यात काय काय असेल, आणि तू हळवी आहेस.

वहीत कुणाबरोबर कोण होतं असं काही लिहिलंय का, तेवढं मात्र कळव.

इथे सकाळी व्यायाम करवून घेणारा माणूस येतो. पाय वळतो आहे.

तुझा
दादा


२४ जानेवारी

दादा,

वही पाठवत नाही. वाचली. न उघडता पाठव म्हणतोस आणि वर त्यात कोण कोण आहे ते कळव म्हणतोस, यावर मी हसले होते. नंतर हसू गेलं.

वहीत ताई आहे.

पहिली नोंद ती गेल्यानंतर सव्वा वर्षानं. जशीच्या तशी उतरवते: "दु. ४ वा. १० मि. दिसली. दिव्याच्या खांबाजवळ. खिडकीच्या मध्यापासून उजवीकडे एकवीस अंश. अंतर अंदाजे चाळीस पावलं. आठ पावलं पुढे आली. थांबली. पाच पावलं मागे गेली. पुन्हा पुढे. मग दिसेनाशी." खाली रेघ, आणि रेघेखाली: "भास असेल तर पुन्हा होऊ नये. झाल्यास नोंद ठेवावी."

पुन्हा झालं. एकोणतीस वर्षांत तेरा नोंदी आहेत. कधी दोनेक वर्षांनी, कधी सात महिन्यांनी, एकदा मध्ये चार वर्षं काहीच नाही. शेवटची नोंद सोडली तर प्रत्येक वेळी तेच: पुढे येते, थबकते, मागे जाते, पुन्हा येते. आपले आप्पा, ज्यांनी कधी कुणाच्या अंगात आलेलं खपवून घेतलं नाही, त्यांना आपली मेलेली मुलगी दिसत होती आणि ते कोन मोजत होते. ती पुन्हा कधी येईल हे काढण्यासाठी त्यांनी एक वर्तुळ मांडलं. तिसऱ्या वेळी ते चुकलं, म्हणून त्यावर दुसरं. पाचव्या वेळी तिसरं. अशी सात. सहावा ग्रह म्हणजे ताई आहे, दादा.

मला आता काही गोष्टी कळताहेत. काही ठरावीक दिवशी ते मला दुपारभर शेजारी पाठवायचे आणि घरी येऊन बघावं तर दार सताड उघडं, खोली गारठलेली, आप्पा स्वेटर घालून खुर्चीत. "दार का उघडं?" विचारलं की म्हणायचे, "हवा यायला." हे माझ्या लग्नापर्यंत चाललं. त्यानंतर ते एकटेच दार उघडून बसत असणार आणि मी पुलापलीकडे माझ्या दुकानात लोकांचे नंबर काढत होते.

ताई गेली तेव्हा मी आठ वर्षांची. आई आठवतच नाही, मला वाढवलं ताईनंच. तिचा चेहरा मला नीट आठवत नाही हे मी कुणाला सांगत नाही. आता रविवारी खिडकीपाशी पाठ करून बसता येत नाही. खांब अजून तिथेच आहे.

तू तिला न्यायला गेला होतास. ती तापानं गेली, तूच येऊन सांगितलंस. तू तिला शेवटचं पाहिलं होतंस ना?

बिट्टी


२ फेब्रुवारी

चि. बिट्टीस आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. आधी पाणी पी, मग हे वाच.

माणूस एकटा पडला आणि मनात सल असला की त्याला दिसतं. मी मोजणीवर असताना रणरणत्या उन्हात आमच्या साखळीवाल्याला भर माळावर तळं दिसायचं, आणि तो तळ्याचा काठ बोटानं दाखवायचा. आप्पांचं तसंच झालं. शिवाय त्यांना मोतीबिंदू होता. तूच चष्मा करून दिला होतास.

आणि समोरच्या शिंप्याची बायको आठव. उंच, शेलाटी, ताईच्याच बांध्याची. ती तिची राखाडी छत्री घेऊन खांबापाशी घुटमळायची, नवरा दुकान बंद करेपर्यंत. पुढे-मागे, पुढे-मागे. लांबून बघणाऱ्याला कुणीही वाटेल. मधल्या चार वर्षांत ती माहेरी जाऊन राहिली असेल, किंवा आप्पा आजारी असतील. सगळ्याला साधं कारण असतं.

शेवटचं पाहिलं होतं का विचारतेस. हो. तो विषय तीस वर्षांपूर्वी मिटला, तो उकरून तुझं-माझं कुणाचंच भलं होणार नाही. सहावा हात काढ आणि यंत्र शाळेला देऊन टाक.

दादा


११ फेब्रुवारी

दादा,

छत्रीबद्दल मी एक अक्षर लिहिलं नव्हतं.

वहीत आहे ती. चौथ्या नोंदीपासून पुढे: "राखाडी छत्री, मिटलेली." पण मी तुला ते उतरवून पाठवलं नव्हतं. पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. शिवाय शिंपी दुकान विकून गेला तेव्हा मी कॉलेजात होते, आणि नोंदी त्यानंतरही आहेत.

मग मी पत्र्याचा डबा काढला. तुझी सगळी कार्डं त्यात आहेत, "रजा मंजूर, अमुक तारखेला पोचतो" अशी. वही आणि डबा जेवणाच्या टेबलावर मांडून बसले. इतक्या वर्षांत तू सतरा वेळा घरी आलास. त्यातल्या बारा वेळा ती दिसली, तू पोचलास त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी. तू नसतानाची फक्त एक नोंद आहे, ती आत्ता बाजूला ठेवते. मधली चार वर्षं तू दूरच्या बदलीवर होतास. आप्पांची सात चाकं काढून ठेवली आणि मध्यभागी तुला बसवलं, तर बाकी सगळं एका चाकात बसतं.

आप्पा सगळं मोजत होते, तुला तेवढं मोजलं नाही. तू घरातला होतास.

आता मला खरं लिही. साधं कारण नको.

बिट्टी


१ मार्च

बिट्टी,

अठरा दिवस लागले. चार वेळा लिहून फाडलं. काय ते सलग लिहितो, मध्ये थांबलो तर पुन्हा जमायचं नाही.

ताई आप्पांच्या यंत्राची आकडेमोड करायची हे तुला ठाऊक आहे. पंधराव्या वर्षापासून, रोज संध्याकाळी, नऊ वर्षं. आप्पांपेक्षा तिचा हात पक्का होता. बंदराच्या कचेरीत भरती-ओहोटीची कोष्टकं करायला माणूस हवा होता, तिनं गुपचूप अर्ज केला. नेमणुकीचं पत्र आलं ते आप्पांच्या हाती पडलं. त्यांनी ते लपवलं. रागानं नाही, यंत्र अर्धं होतं, ती गेली तर ते पुरं होणार नव्हतं. आठ महिन्यांनी कागद शोधताना तिला ते पत्र सापडलं. तिनं तुझी वेणी घातली, तुला शाळेत सोडलं आणि दुपारच्या गाडीनं निघून गेली.

आप्पांनी मला पाठवलं. "घेऊन ये, नाहीतर मी येतो," म्हणाले. मी गेलो. ती बेकरीच्या वरच्या खोलीत राहत होती, जागा भरली होती तरी कचेरीनं तिला रोजंदारीवर ठेवून घेतलं होतं. म्हणाली, "त्यांना सांग, ती गेली. परत येणार नाही."

मी परतलो. आप्पा दारातच उभे होते. मी म्हणालो, "आप्पा, ताई गेली."

मला म्हणायचं होतं, निघून गेली, हातची गेली. आप्पांनी पायरीवर हात टेकला आणि खाली बसले. मग विचारलं, "कशानं?"

बिट्टी, त्या क्षणी मी खरं बोलू शकलो असतो. पण मनात आलं, हे आता तिच्या मागे जाणार नाहीत. मी म्हणालो, "तापानं." एवढा एकच शब्द. मग त्यांनी विचारलं, मला कळवलं का नाही? मी सांगितलं, वादळानं तारा तुटल्या होत्या. शेवटचं कुणी केलं? मी. कुठे? तिथेच. प्रत्येक प्रश्नाला एक उत्तर चढवावं लागलं आणि प्रत्येक उत्तराला आणखी एक. तू आतून आलीस, मला बिलगून विचारलंस, "ताई कधी येणार?" आणि मी तुलाही तेच सांगितलं.

महिन्याभरानं ताईला सांगितलं. म्हणाली, "सुटले." मग म्हणाली, "बिट्टीलाही?" त्यानंतर मी रजेवर निघालो की ती बहुतेक वेळा बरोबर यायची. तुला बघायला. खांबापाशी उभी राहायची, मी कोपऱ्यावर तिची पिशवी धरून. तू फाटकातून आत-बाहेर करायचीस. ती पुढे जायची, थांबायची, मागे यायची. मी म्हणायचो, जा ना आत. ती म्हणायची, "मेलेल्या माणसानं परत जायचं तर काय सांगत जायचं?" आप्पा खिडकीतून बघताहेत हे आम्हां दोघांनाही कधी कळलं नाही. तुझं लग्न झाल्यावर ती यायची थांबेल असं मला वाटलं होतं. थांबली नाही. तेव्हा ती कुणासाठी यायची, मी विचारलं नाही.

तू अठरा वर्षांची झालीस की सांगू ठरलं होतं. मग तुझी परीक्षा आली, मग लग्न, मग आप्पांचं वय.

ती दीड वर्षापूर्वी गेली. या वेळी खरंच. ऑगस्टात, दम्यानं. मी तिथे होतो. तिला एक मुलगी आहे, तिच्याच कचेरीत आहे. पत्ता मागच्या बाजूला लिहिलाय.

आणि आता एक विचारतो. तू लिहितेस तेरा नोंदी. मी बाराच वेळा तिला नेलं. तेरावी कधीची आहे? मला तुझ्याकडून ऐकायचं आहे, आणि ऐकायचं नाहीही.

दादा


५ मार्च

दादा,

तेरावी गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतली. ताईला जाऊन सहा महिने झाले होते. तू हाड मोडून अंथरुणात होतास.

तारीख आप्पांनी आधीच काढून ठेवली होती. समासात गणित आहे, सातही वर्तुळांचं. फक्त हेच एक भाकीत बरोबर आलं. खाली लिहिलंय: "दिसली. आत आली. बसली. चूक काढली." आणि त्याखाली: "पुढचं गणित नको." बाकीची वही कोरी.

तुला काय म्हणायचं ते आज लिहिता येत नाही. तिच्या मुलीला मी पत्र टाकलंय.

बिट्टी


२० मार्च

मावशींना नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. मावशी लिहिताना पेन अडखळलं, कारण हा शब्द मी आजवर कुणालाच म्हटला नाही. तुम्ही विचारलं आहे, गेल्या फेब्रुवारीत तुमच्या वडिलांच्या घरी कोणी गेलं होतं ते मला ठाऊक आहे का. मी गेले होते.

आई गेल्यावर तिच्या कपाटात मला एक चिठ्ठी सापडली, घराचा नकाशा काढलेली: रस्ता, खांब, खिडकी. मामांना विचारलं तर ते रडायला लागले, म्हणून पुढे विचारलं नाही. आमच्या कचेरीत छपाईचं यंत्र बिघडलं म्हणून आम्हांला अचानक एक दिवस सुट्टी मिळाली आणि मी गाडीत बसले. आधी काही ठरवलं नव्हतं. आजोबांना लांबून बघून परत फिरायचं, इतकंच डोक्यात होतं.

दार सताड उघडं होतं. आजोबा खुर्चीत, दाराकडे पाठ करून. मी उंबऱ्याशी उभी राहिले. त्यांनी मान वळवली नाही. म्हणाले, "आठ मिनिटं उशीर झाला."

मला वाटलं, दुसऱ्या कुणाची वाट बघताहेत. तेवढ्यात ते वळले. जाड चष्म्यातून बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि मला आईच्या नावानं हाक मारली. मावशी, आम्हां दोघींचं नाक वेगळं, रंग वेगळा, मी तिच्यापेक्षा बुटकी. पण त्यांनी हाक मारली आणि मला "नाही" म्हणता आलं नाही. माझ्या तोंडून "हो" गेलं. "आप्पा" म्हणावं हे मला कुठून सुचलं कोण जाणे. आई बोलताना त्यांचा उल्लेख फक्त "ते" असा करायची.

त्यांनी मला बसायला सांगितलं. चहा विचारला आणि मग म्हणाले, "तुला आता चहा लागत नसेल." त्या वेळी मला पहिल्यांदा कळलं की ते मला काय समजताहेत. मी उठून जायला हवं होतं. त्यांनी एक कागद पुढे सरकवला आणि म्हणाले, "तपास." वर्तुळांचं गणित होतं. आईनं मला हेच शिकवलं आहे, भरतीचं कोष्टक म्हणजे तरी काय, चक्रांवर चक्रं रचून केलेली बेरीजच. पाचव्या ओळीत हातचा राहिला होता. मी दाखवलं. ते इतके खूष झाले. "नेहमी तूच काढायचीस," म्हणाले. मग गणित पुन्हा केलं आणि म्हणाले, "म्हणजे आठ मिनिटांचा फरक माझा होता. तू वेळेवर आलीस."

हे मी तुम्हांला कसं समजावू? सुट्टी मिळेल हे मलाच आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत ठाऊक नव्हतं. मी कोष्टकं करते, योगायोग म्हणजे काय ते मला कळतं. तरी तो कागद मला अजून दिसतो.

निघताना त्यांनी माझी बाही धरली. म्हणाले, "तुझं पत्र मी लपवलं होतं. तिकडची जागा गेली तुझी. तिथे ताप यायच्या आधी तुला चांगली खोली मिळाली असती." आणि मग, लहान मुलासारखं, "राग गेला का?"

मी म्हणाले, "गेला."

हेच मला कुणाला तरी सांगायचं होतं. मावशी, आईचा राग गेला नव्हता. शेवटच्या आठवड्यात मी तिला विचारलं होतं, आजोबांना कळवू का? तिनं मान हलवली आणि भिंतीकडे तोंड केलं. तिनं जे दिलं नाही ते मी तिच्या नावानं देऊन आले. त्या माणसाला बरं वाटलं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. पण ते माझं नव्हतंच द्यायला. मी चूक केली का? रोज कचेरीत बसल्यावर पहिला अर्धा तास हेच डोक्यात असतं.

तुम्ही आलात तर मला आवडेल. बेकरीच्या वरचीच खोली आहे, जिना अंधारा आहे, कठड्याला धरून या.

तुमची
भाची


९ एप्रिल

दादा,

मी जाऊन आले. तेरावी नोंद तिची होती, हे तुला तिनं कळवलंच आहे म्हणाली. तुझं भुताचं ओझं उतरलं असेल. माझं नाही. तिच्याबद्दल मी काय लिहू? ताईसारखी दिसत असेल म्हणून मी धास्तावले होते, आणि नसेल म्हणूनही. दार उघडलं आणि मला काहीच ओळखीचं वाटलं नाही. कचेरीतली एक दमलेली मुलगी, बोटांना शाई. मग तिनं कागद वाचताना मान तिरपी केली आणि ती मान मला ओळखीची वाटली.

चूक केली का, असं तिनं पुन्हा विचारलं. चूक केलीस असं म्हणवेना आणि बरं केलंस असंही. आप्पा सुखानं गेले हे खरं. ताईला कुणी विचारलं नाही हेही खरं. आपण तिला जिवंतपणी मारलं, आणि मेल्यावर तिच्या तोंडून हवं ते वदवून घेतलं. हे मी त्या पोरीला बोलले नाही. तुला लिहिते आहे.

यंत्र शाळेला दिलं, सहा हातांसकट. मोठ्या बाईंना सांगितलं, सहावा आप्पांच्या मुलीचा आहे, तिनंच सगळी आकडेमोड केली होती. त्या म्हणाल्या, मग पाटीवर दोघांची नावं घालू. मी हो म्हटलं.

तू विचारलंस, येऊ का. ये. मी काही विसरलेली नाही आणि तू आल्यावर गोड बोलेन असंही नाही. एकतीस वर्षं तू मला एका बहिणीशिवाय ठेवलंस. पण ताईला लहानपणापासून पाहिलेला तू एकटाच उरलास, आणि मला ती कशी चालायची, काय खायची, कशावर हसायची हे सगळं ऐकायचं आहे. दिवसचे दिवस ऐकायचं आहे. तेव्हा पाय बरा कर आणि ये.

निघताना मी भाचीला विचारलं, ताई माझ्याबद्दल कधी काही बोलायची का? ती म्हणाली, एकच गोष्ट, पण नेहमी. दुसऱ्यांदा आली होती तेव्हा मी फाटकावर चढून बसले होते म्हणे. मी तिला पाहिलं आणि हात हलवला. ओळखून नाही, रस्त्यावरच्या कुणालाही मुलं हलवतात तसा. तिनंही हलवला. तेवढ्यावर तिनं पुढची पंचवीस-सव्वीस वर्षं फेऱ्या मारल्या.

मला तो हात आठवत नाही, दादा. चार दिवस झाले. फाटक आठवतं, त्याचा गंज हाताला लागायचा तो आठवतो, माझा निळा फ्रॉक आठवतो. रस्त्यावर कुणीच उभं नाही.

बिट्टी